घर आत घेताना

३ फेब्रुवारी

धाकटे,

थोरल्या भावाचे आशीर्वाद सोबत जोडले आहेत. नको असतील तर पाकिटातच राहू देत, त्यांना जागा फार लागत नाही.

जागेवरून आठवलं. आई घर सोडते आहे. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फक्त तिचे गुडघे आणि जिना यांचं आता बोलणं नाही. (आपल्या घरात कोणी ना कोणी कोणाशी तरी बोलत नसतंच.) गेल्या आठवड्यात ती वरच्या खोलीतून खाली आली, दुकानाच्या खोलीत मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "घर सैल व्हायला लागलंय. आत घ्यायला हवं."

मी म्हटलं, "घर म्हणजे काय झगा आहे?"

"तुला झग्यातलंही कळत नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला.

दोन दिवसांत तिने जागा पाहूनही ठेवली. आमच्या गल्लीच्या मागे, तळमजल्यावर दोन खोल्या आणि त्यामागे मोठ्या पलंगाच्या चादरीएवढं अंगण. एक एप्रिलला जुन्या घराच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. जिथे उभं राहून तिने अर्ध्या शहराचे कोट शिवले, ती खोली ती एखाद्या गिऱ्हाइकाचं पार्सल द्यावं तशी देणार आहे. डोळ्यांत पाणी वगैरे माझ्या आलं. तिने मला रद्दी आणायला पाठवलं.

रद्दी कशाला, ते ऐक. नव्या घरात काय मावेल ते ठरवायला मी मोजपट्टी आणि नकाशा सुचवला होता. आईने कपाट, पलंग, शिवणयंत्र, भांड्यांची मांडणी, सगळ्यांचे कागदी नमुने कापले, ब्लाउजचे कापते तसे, आणि नव्या घराच्या फरशीवर अंथरले. मी जरा मध्ये उभा राहिलो तर ओरडली, "कपाटातून बाहेर हो!" तुझी वहिनी पलंगात उभी राहून हसत होती.

नमुने सगळे बसले, अगदी कडेला कड लावून. बसलं नाही एकच: कापायचं टेबल. त्याचा कागद दारातून अर्धा बाहेर राहिला. आईने तो उचलला, नीट घडी घातली आणि काखेत मारला.

तर विचारायचं एवढंच, टेबल तुला हवं का? तुझ्या कारखान्यात तू कापणी विभागाची प्रमुख आहेस असं ऐकतो. तिथे जागा असेल. हे मी आपला माहितीसाठी लिहितो आहे. आईने लिहायला सांगितलेलं नाही. तिने तुझं नावही काढलं नाही. फक्त इथून टाकलेलं पत्र तिकडे किती दिवसांत पोचतं, एवढं सहज विचारलं. अलीकडे तिला टपालखात्याबद्दल अचानक कुतूहल वाटू लागलं आहे.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणणं हा त्या कागदाचा गौरव झाला. "टेबल विकून टाका." मायना नाही, सही नाही, कर्ता अध्याहृत. आमच्या संस्कृतातले सूत्रकार एक अक्षर वाचवता आलं तरी पुत्रजन्माचा आनंद मानत, असं म्हणतात. तू त्यांच्या पुढे गेलीस.

पण आई काही विकत नाही, ती देते. आणि देण्याआधी ट्रायल घेते.

विनोद करत नाही. वडिलांची आरामखुर्ची मागायला पलीकडचे निवृत्त न्यायाधीश आले. आईने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्यातली टेप काढली, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. म्हणाली, "पाय टेकत नाहीत तुमचे."

"चालेल हो, वहिनी."

"चालणार नाही. मी शिवलेला कोट घालून माणूस खुर्चीत लोंबकळलेला मला बघवणार नाही."

अपिलाची सोय नव्हती. खुर्ची बेकरीवाल्याला गेली. तो बसला, खुर्ची एकदा कुरकुरली आणि मग गप्प झाली. "बसली," आई म्हणाली. हा शब्द ती किती जपून वापरते ते तुला माहीत आहे. गेले दोन आठवडे आपल्या दाराशी रांग असते, आणि लोक सामान मागायला आल्यासारखे येत नाहीत, परीक्षेला बसल्यासारखे येतात. नवी नोकरी लागलेली परिचारिका मोठ्या आरशासमोर उभी राहिली, तर आईने आरसा सोडून तिच्या गणवेशाचा खांदा दुरुस्त केला. आरसा दिला तो दिलाच.

माझीही ट्रायल झाली. वरच्या खोलीत माझी पुस्तकं होती, ती लग्नानंतर मी यथावकाश नेणार होतो. आईने एकेक पुस्तक टेबलावर उभं धरून सोडलं. जे आपोआप एखाद्या पानावर उघडलं ते वाचलेलं, माझ्या घरी. जे उघडलंच नाही ते "अस्तर", वाचनालयात. माझ्या खंडोगणती शब्दकोशाचा फक्त पहिला खंड उघडला. आता माझी विद्वत्ता अधिकृतपणे स्वरांपुरती आहे.

बागेचंही तेच. बाग तू पाहिलीस त्याला बरीच वर्षं झाली. कुंपणाची झुडपं आता खांद्याला लागतात, आणि आई खडूची दोरी ताणून ती अशी कापते की वरून इस्त्री फिरवल्यासारखी दिसतात. वाफ्यांच्या कडेला दोऱ्याची रिकामी रिळं उभी पुरली आहेत. वेली कापडाच्या पट्ट्यांनी बांधल्या आहेत, उरलेल्या तुकड्यांच्या. त्यामुळे पांढरा गुलाब न्यायाधीशीणबाईंच्या रेशमात आहे आणि मधुमालती पोस्टमास्तरांच्या सुटाच्या कापडात. येणारेजाणारे फाटकाशी थांबून आपापलं कापड शोधतात. मी शाळेतून परत येताना मुद्दाम त्याच बाजूने येतो, आणि कोणी "ही बाग कोणाची हो?" असं विचारलं की माहीत नसल्यासारखा चेहरा करून सविस्तर सांगतो.

रोपं न्यायला येणाऱ्यांची आई नखं बघते. स्वच्छ नखांना रोप मिळत नाही.

फक्त टेबल कोणालाच बसत नाही. बेकरीवाल्याच्या बायकोच्या ते छातीशी येतं. चित्रकलेचे मास्तर उंच, ते वाकतात. एक जुन्या सामानाचा व्यापारी आला, त्याने लाकडावर टकटक केली आणि म्हणाला, "मधोमध कापलं तर दोन छान टेबलं होतील, बाई." आईच्या हातात मोठी कात्री होती. "आधी तुमचा कोट मधोमध कापून बघू या का?" तिने विचारलं. तो टोपी विसरून गेला. ती टोपी अजून इथेच आहे. कोणाला बसत असेल तर कळव.

सांगायचं तात्पर्य, टेबल विकलं जाणार नाही, कापलं जाणार नाही आणि नव्या घरात मावणार नाही. एक तारखेपर्यंत ते कोणाचं तरी झालं नाही, तर किल्ल्यांबरोबर परक्याच्या हातात जाईल. आई रोज ते पुसते.

दादा

९ मार्च

धाकटे,

हे पत्र मी शाळेत बसून लिहितो आहे. वर्गाला धातुरूपं लिहायला दिली आहेत. म्हणजे बराच वेळ आहे.

टेबल दारातून निघेल का ते बघायला काल सुतारकाकांना बोलावलं होतं. तेच आपले, ज्यांनी ते केलं. आम्ही दोघांनी मिळून ते आडवं पाडलं, तर चारही पायांच्या टोकांना वेगळ्या लाकडाचे तुकडे. पायांचं लाकूड काळपट, तुकडे पिवळसर. इतकी वर्षं त्या टेबलाभोवती वावरलो, मला कधी दिसले नाहीत.

"हे काय?" मी विचारलं.

"उंची वाढवली ना नंतर," सुतारकाका म्हणाले. "धाकटी मावशीकडे गेली होती बघ सुट्टीत, तेव्हा."

"कोणासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी संस्कृतऐवजी दुसरं काहीतरी शिकायला हवं होतं. "पोर ताडासारखी वाढत होती. कापताना वाकायची, पाठ धरायची. तुझी आई म्हणाली, तिच्या मापाचं करा, अजून वाढणार आहे ते धरून करा. मी म्हटलं, आणि तुमचं काय? तर म्हणाली, मी पायाखाली फळी घेईन."

आता फळीबद्दल. तू निघालीस तेव्हा मी तुझी पेटी धरून दारात उभा होतो, म्हणून मला दोन्हीकडचं आठवतं. आई म्हणाली होती, "जा, न बघितलेल्या माणसांचे कपडे शिव." आणि तू म्हणालीस, "तू त्या फळीवर चढतेस ना, ती सगळ्यांकडे वरून बघायला." त्यावर आई गप्प बसली. आई गप्प बसली याचं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

कोणाचं किती चुकलं ते मी मांडत नाही. मी फक्त विग्रह करून दाखवला. अर्थ तू लाव.

आई बागेत होती. मी जाऊन विचारलं, "धाकटीला सांगितलं का नाहीस?"

तिने जाईची फांदी छाटली, उजेडात धरून बघितली. "आत अस्तर कशाचं घातलं ते गिऱ्हाइकाला सांगत बसतात का?"

"ती गिऱ्हाईक नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी थोडा वेळ रिळं मोजल्यासारखं केलं. मग म्हटलं, "टेबल तिला पाठवून देऊ? तिचं माप तुझ्याकडे आहेच."

"जुनं आहे ते. जुन्या मापावर मी रुमालसुद्धा देत नाही. ट्रायलशिवाय इथून काही हलत नाही, तुला ठाऊक आहे."

"म्हणजे तिने इथे यायला हवं."

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली, आणि ज्या फांदीला काही झालेलं नव्हतं तीही छाटली.

धाकटे, हे आमंत्रण आहे असं मी म्हणत नाही. पण मृत भाषा शिकवून माझं पोट चालतं. जिवंत आईची भाषा मला थोडीफार येते असं समजायला हरकत नाही.

किल्ल्या एक तारखेला द्यायच्या आहेत. घंटा झाली.

दादा

२२ मार्च

धाकटे,

"रविवारी येते. आईला सांगू नकोस." मागच्या पत्रापेक्षा एक वाक्य जास्त. प्रगती समाधानकारक.

आईला मी सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं आहे, आणि तिने आईला सांगितलेलं नाही अशी तिने मला शपथेवर खात्री दिली आहे. आईने आज अकारण दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

इकडे एक आश्चर्य घडलं. काल मोठं सामान नव्या घरी गेलं. कपाट लागलं, पलंग लागला, शिवणयंत्र, मांडणी, सगळं नमुन्यांप्रमाणे ओळीने. आणि शेवटी खिडकीखाली चांगली ऐसपैस जागा उरली. जिथे कागदाला कागद चिकटला होता तिथे! आई पुन्हा पुन्हा कपाटाला टेप लावते. शेवटी तुझी वहिनी भीतभीत म्हणाली, "आई, नमुने कापताना तुम्ही माया सोडलीत का?"

सोडली होती. शिवणीत दाबायला कापड सोडतात तशी, कपाटाला चारी बाजूंनी माया, पलंगाला माया, भांड्यांच्या मांडणीलाही माया. हाताची सवय! आयुष्यात पहिल्यांदा तिचं माप चुकलं, आणि तेही मापात राहून. आम्ही दोघं हसून भिंतीला टेकलो. तिने टेप गळ्यात टाकली आणि म्हणाली, "उद्या कपाट जाड झालं तर?"

टेबल अख्खं मावेल एवढी ती जागा नाही. वहिनीने तिथे तिपाई ठेवली, आईने उचलून बाहेर ठेवली. मी माझा पहिला खंड ठेवू का विचारलं. उत्तर छापण्याजोगं नाही.

उंच टाचांचे जोडे घालून येऊ नकोस. उगाच माप चुकेल.

दादा

६ एप्रिल

धाकटे,

तू सुखरूप पोचलीस आणि टेबलही पोचलं, हे कळलं. तुझं पत्र पानभर होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. मग तिने ते माझ्याकडून घेतलं आणि स्वतः वाचलं, माझ्या वाचनावर विश्वास नसल्यासारखं.

त्या रविवारी तू तिथेच होतीस, तरी थोडं लिहितो. कारण तू बराच वेळ टेबलाकडे बघत होतीस आणि मी आईकडे.

तू दारातून आलीस तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा कापत होती. इतक्या वर्षांनी आलेल्या मुलीला पहिलं वाक्य काय, तर "चपला काढ, टेबलाशी उभी राहा." तू उभी राहिलीस. वाद घातला नाहीस, हे मी तुझ्या चरित्रात नमूद करून ठेवलं आहे. तिने तुझ्या कोपराचं माप घेतलं, कमरेचं घेतलं. टेबलासाठी एवढंच लागतं. मग तुझ्या पाठीमागे फळी सरकवून, तिच्यावर चढून तिने खांद्याचं घेतलं, मग मानेचं, मग पुन्हा खांद्याचं. टेबलाला मानेचं माप कशाला, हे मी विचारणार होतो. तुझ्या वहिनीने माझा दंड धरला. टेप तुझ्या खांद्यावर होती आणि आई आकडा वाचतच नव्हती.

"बारीक झालीयेस," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसतंय. घेऊन जा."

तू म्हणालीस, "आणि तू कशावर कापणार?"

"माझं कापून झालं."

"मग मलाही नको."

आता मला वाटलं, संपलं. तीच खोली, तीच दोघी, तीच हनुवटी दोघींची. टेबल दारातून काढायला आलेले सुतारकाका करवत पिशवीत घालून निघायच्या बेतात. आणि तेवढ्यात आई फळीवरून उतरली, टेबलावरचा खडू उचलला आणि त्या लाकडावर, ज्यावर टकटक करणारा तो व्यापारी टोपी सोडून पळाला होता, आडवी रेघ मारली.

पुढचं भांडण मी जन्मात विसरणार नाही. तिने मोठा भाग तुझ्याकडे ठेवला. तू ती रेघ हाताने पुसलीस आणि तिचा भाग मोठा केलास. "कारखान्यात एवढंसं कसं पुरेल?" "तिथे टेबलं आहेत, आई!" "ती टेबलं नव्हेत." पुन्हा पुसापुशी. बांध आपल्याकडे सरकवणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले. बांध पलीकडे ढकलणाऱ्या दोन बायका पहिल्यांदाच पाहिल्या. दोघींच्या हातांना खडू, दोघींच्या नाकांना खडू. शेवटी वहिनीनेच खिडकीखालच्या उरलेल्या जागेचं माप सांगितलं आणि रेघ तिथे ठरली.

सुतारकाका म्हणाले, "बाई, हात धजत नाही हो."

"रेघ बरोबर आहे ना? मग चालवा," आई म्हणाली. करवत चालली तेव्हा तुम्ही दोघींनी एकेक टोक धरलं होतं. मी काही धरलं नव्हतं, पण माझीच छाती फुगली होती, जणू झाड मीच लावलं होतं.

तुला दिसलं नाही ते आता सांगतो. तुझा ट्रक वळला, तसे सुतारकाका, तुझ्या अर्ध्याला लावले तसे दोन नवे पाय आईच्या अर्ध्यालाही लावून, तिच्या जुन्या पायांखालचे पिवळे तुकडे काढायला बसले. मग त्यांनी विचारलं, "आणि ही फळी? मला शेगडीपुढे बसायला बरी आहे." आईने दिली. ट्रायल न घेता दिली.

किल्ल्या तिने एक तारखेला सकाळीच दिल्या. मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं, दोघांच्या वाट्याचं.

नवं अंगण तू बघायला हवंस. चादरीएवढं आहे म्हणून तिने ते चादरीसारखंच धरलं आहे: कडेने नेच्यांची किनार, मधे लिंबाचं एकच झाड, भिंतीवर जाई, तुझ्या कारखान्यातून तू आणलेल्या निळ्या कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेली. त्या कापडाला तिने "धुतल्यावर आटणार" असं म्हटलं होतं. आटलं नाही. तिने दोनदा धुऊन बघितलं. खिडकीखाली टेबल, आणि टेबलाशी ती, सपाट जमिनीवर उभी.

काल शेजारच्या घरातली बाई ओळख करून घ्यायला आली. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "घर किती छान लावलंय तुम्ही! फक्त टेबल जरा लहान वाटतं, नाही?"

आईने कात्री खाली ठेवली. "अर्धं आहे ते," ती म्हणाली. "अर्धं माझ्या मुलीकडे आहे. मोठ्या कारखान्यात कापणीची मुख्य आहे ती. न बघितलेल्या माणसांचे कपडे करते आणि ते बसतात. हजारोंना बसतात! मला एकेकाला उभं करून टेप लावावी लागते."

हे तिने खिडकीशी उभं राहून सांगितलं, त्यामुळे गल्लीत सगळ्यांना कळलं आहे.

मग त्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हे?"

"हा होय," आई म्हणाली, "हा सामान उचलायला आलाय."

तुझा,
सामान उचलणारा
दादा